उतारशाळा कोणी बांधली?

जवळा बाजारला रेल्वे नाही. परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, औंढा नागनाथच्या अलीकडे हे गाव लागते. भोवती हळद, कापूस आणि सोयाबीन यांची शेती. गावाच्या नावातच बाजार आहे. येथील माणसाला आगगाडी गाठायची तर एस.टी.ने परभणीस जावे लागते, नाहीतर वसमत किंवा हिंगोली गाठावी लागते. अशा मुलखात धर्मसेवा करणाऱ्या माणसाने मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांविषयी, तेथील बाके, नळ, पूल आणि शौचालये यांविषयी लिहावे, आणि तेही एका वाङ्मयीन त्रैमासिकात, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. हा विषय वर्तमानपत्रातील वाचकांच्या पत्रव्यवहाराचा, धर्मगुरूच्या चिंतनाचा नव्हे, असेही कोणी म्हणेल. काही दिवसांपूर्वीपर्यंत आम्हीही तेच म्हटले असते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी जवळ्याजवळच्या एका वस्तीवरील एक मावशी आमच्याबरोबर मुंबईस आल्या. वय साठीच्या पुढे, वैधव्य, पदरी एक लेक आणि तीही दूर दिलेली. पोटात गाठ असल्याचे परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले होते आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी दिली होती. बरोबर येण्यासारखे कोणी नव्हते, म्हणून आम्ही निघालो. रात्री परभणीस देवगिरी एक्सप्रेस धरली. मावशींचा पुतण्या दिवा येथे राहतो. त्याच्या एका खोलीत मुक्काम ठेवून तेथून लोकलने परळला जायचे, असा बेत होता.

तपासणीच्या दिवशी मावशींना शिरेतून काही औषध टोचून चित्रे काढण्यात आली. ते औषध शरीराबाहेर पडावे म्हणून दिवसभर भरपूर पाणी प्या, असे तेथील परिचारिकेने दोनदा बजावले. परतताना एका मोठ्या स्थानकावर गाडी बदलण्यासाठी उतरलो. नाव कशाला घ्यावे? गर्दी इतकी, की दोन गाड्या सोडून द्याव्या लागल्या. एका बाकावर कशीबशी जागा मिळाली. उकाडा विलक्षण होता. आम्ही पाण्याची बाटली आणली आणि मावशींपुढे धरली. त्यांनी मान हलवली. ‘‘मावशी, सिस्टरनं काय सांगितलं?’’ आम्ही जरा आवाज चढवून विचारले. ‘‘पिते ना फादर, मागून पिते,’’ असे म्हणून त्यांनी ओठ ओले केले आणि बाटली पिशवीत सारली. खेड्यातील माणसे डॉक्टरांचे ऐकत नाहीत, अशी नोंद आम्ही मनोमन केली. शिवाय आपण या वयस्क बाईसाठी इतका प्रवास केला, स्वतःच्या हाताने पाणी आणून दिले, याचे थोडे समाधानही मनात होते, हे येथे कबूल करणे भाग आहे.

रात्री जेवणे झाल्यावर पुतण्याच्या सुनेने, भांडी आवरता आवरता, सहज सांगितले. ती स्वतः रोज लोकलने कामाला जाते. सकाळी निघताना मावशींनी तिला विचारले होते, की वाटेत बाईमाणसाची सोय आहे का? तिने उत्तर दिले होते : ‘‘असली तरी नसल्यासारखीच. आम्ही घरातून निघताना पाणीच पीत नाही.’’ मावशींनी तो सल्ला मानला होता. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत त्या बाईने घोटभर पाणी घेतले नव्हते.

आम्हाला तेव्हा ते बाक आठवले. त्याच्या डाव्या हाताला, दहा पावलांवर, स्त्रियांचे शौचालय होते. दारावर स्त्रीचे चित्र होते आणि कडीला कुलूप होते. ते कुलूप आम्ही पाहिले होते. पाहिले होते आणि त्याविषयी काहीही मनात आले नव्हते.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या त्या निर्जन वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले. याजक बाजूने निघून गेला, लेवीही गेला आणि ज्याच्याशी यहुदी माणूस बोलतही नसे, असा शोमरोनी थांबला. लूकच्या दहाव्या अध्यायावर आम्ही किती प्रवचने केली असतील त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी आमचा भर एकाच प्रश्नावर असे : मी थांबेन काय? कळवळा, तेल, द्राक्षारस, पट्टी, स्वतःचे जनावर आणि दोन दीनार या सर्वांवर आम्ही बोललो. मात्र त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर आम्ही तीस वर्षांत एकदाही थांबलो नाही. ती म्हणजे उतारशाळा.

शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले. म्हणजे उतारशाळा तेथे आधीपासून होती. दार होते, अंथरूण होते, पाणी होते, सांभाळणारा माणूस होता. समजा, ती नसती! त्या भल्या माणसाचा कळवळा तितकाच खरा राहिला असता, परंतु तो जखमीला जनावरावर घालून रात्रभर त्या खडकाळ वाटेने हिंडला असता आणि सकाळी बहुधा त्याला एका प्रेताला मूठमाती द्यावी लागली असती. दयेलाही कोठेतरी नेऊन पोचवणारी जागा लागते. ती जागा ज्याने बांधली, त्याला हा जखमी माणूस ठाऊक नव्हता. त्याने त्याचा चेहरा पाहिला नव्हता, आक्रोश ऐकला नव्हता. केव्हातरी, कोणीतरी, कसलातरी थकलेला या वाटेने येईल, एवढेच त्याने ओळखले होते. त्याला भाडे मिळत असेल, नफाही होत असेल. त्याने काही बिघडत नाही.

सेमिनरीत ग्रीक भाषा शिकताना आम्हाला एक शब्द भेटला होता. त्याचा अर्थ पुरता उमजायला पन्नाशी उलटावी लागली. प्रभूच्या जन्माच्या वेळी मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, असे आपण नाताळात वाचतो. मराठी बायबलात दोन्हीकडे एकच शब्द आहे, परंतु लूकने लिहिलेले मूळ शब्द दोन आहेत. बेथलेहेमच्या जागेला तो ‘कातालुमा’ म्हणतो. म्हणजे उतरण्याची जागा, पाहुण्यांची खोली. यरीहोच्या वाटेवरील जागेला तो ‘पान्दोखेइऑन’ म्हणतो. या शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो : सर्वांना घेणारी. पाहुण्यांची खोली नात्यागोत्याने भरून जाते आणि गरोदर स्त्री बाहेर राहते. जी सर्वांना घेते, तिच्यात शोमरोन्याने आणलेला निनावी माणूससुद्धा मावतो. आमच्या मते रेल्वे स्थानक या दुसऱ्या जातीचे असते, निदान असायला हवे.

ही कल्पना आपल्या मातीला परकी मुळीच नाही. उन्हाळ्यात गावच्या वेशीपाशी रांजण भरून पाणपोई घालणारा माणूस तहानलेल्याचे नाव विचारत नाही. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांचे निधन १७९५ साली झाले, आणि त्यांनी बांधलेल्या कित्येक पायऱ्यांवर आजही माणसे पाय धुतात. गाडगेबाबांनी मंदिरे बांधण्याऐवजी धर्मशाळा बांधल्या. ज्यांना पंढरपुरात कोणी ओसरीवरही टेकू देत नसे, अशांसाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. आमच्या मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या आज्या-पणज्यांनी ते ‘टेकू न देणे’ भोगलेले आहे, म्हणून हे नाव घेताना हात आपोआप जोडले जातात. दादरला गाडगेबाबांच्या नावाने चालणारी धर्मशाळा परळच्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. ज्यांना तेथे किंवा अन्यत्र जागा मिळत नाही, ते रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी पसरतात. त्यांच्या बोलण्यात नांदेड, परभणी, हिंगोलीचे सूर ऐकू येतात. आणि जेथे आम्ही राहतो त्या औंढ्याची तर कथाच आहे : कीर्तनाला उभ्या असलेल्या नामदेवांना देवळाच्या मागे जायला लावले, तेव्हा देऊळच मागच्या बाजूस फिरले. ही आख्यायिका आमच्या धर्मातील नाही, तरी ती ऐकताना आमचे डोळे कोरडे राहत नाहीत. मागे बसवलेल्यांकडे तोंड फिरवणारा देव कोणत्याही ख्रिस्ती माणसाने ओळखावा.

मुंबईकडे वळू. हिंदुस्थानातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. ते ३४ किलोमीटर अंतर आज रोज लाखो माणसे कापतात. विजेवर चालणारी पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली, म्हणजे त्या घटनेला शंभर वर्षे उलटून गेली. कोविडच्या साथीपूर्वी या उपनगरी मार्गांवर दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी जात येत. आमच्या हिंगोली जिल्ह्याची सगळी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांच्या आतच होती. म्हणजे सहा हिंगोली जिल्हे रोज घरातून निघतात, स्थानकावर उभे राहतात, गाडीत कोंबले जातात आणि रात्री परततात. त्यांच्यात आता जवळा बाजारचीही मुले आहेत. शेती तुटपुंजी झाली, पाऊस बेभरवशाचा झाला, म्हणून ती कल्याण, दिवा, नालासोपारा येथे जाऊन राहिली. आमच्या धर्मग्रामातील तरुण कोठे गेले, असे कोणी विचारले तर त्याचे एक खरे उत्तर आहे : फलाटावर.

या गर्दीत माणुसकी नाही, असे म्हणणारा मुंबईत राहिलेला नाही. लोकलमधील ‘चौथी सीट’ पाहा. बाक तिघांचे आणि बसतात चौघे. चौथा अर्धा बाहेर असतो, एका मांडीवर तोललेला. त्याला ती जागा कोणत्याही नियमाने दिलेली नाही. तो फक्त ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो आणि तिघे सरकतात. कधी कपाळाला आठ्या घालून, पण सरकतात. थकून आलेल्या तिघांनी आपल्या हक्काच्या जागेतून चार-चार बोटे काढून एका अनोळखी माणसाला द्यावी, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. स्त्रियांच्या डब्यात तर भाजी निवडली जाते, मुलाखतीला निघालेल्या मुलीची वेणी घातली जाते, गरोदर बाईला हात धरून बसवले जाते. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम मार्गावर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांशेजारच्या झोपड्यांतील माणसे अंगावरच्या चादरी घेऊन धावली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या जागेवरून हलले नाहीत. ध्वनिक्षेपकावरून ते प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडावे ते सांगत राहिले आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. एरवी त्याच आवाजातून गाडी किती मिनिटे उशिरा आहे ते ऐकून आपण वैतागतो.

या सगळ्याला वर्तमानपत्रे ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणतात. येथेच आमच्या मनात किंतु उभा राहतो. चौथ्याला जागा देणारे तिघे थोर आहेत, हे मान्य. परंतु जेथे पुरेशी बाके नाहीत, पुरेशा गाड्या नाहीत, तेथे त्या तिघांच्या थोरवीचे पोवाडे गाऊन आपण कोणाला मोकळे सोडतो? दया दाखवणाऱ्याचे कौतुक करता करता, दयेची पाळी कोणी आणली, हे विचारायचे राहून जाते.

२९ सप्टेंबर २०१७. त्या दिवशी आपण मीखाएल, गाब्रिएल आणि राफाएल या महादूतांचा सण साजरा करतो. राफाएल हा तोबियाचा वाटेवरचा सोबती, प्रवाशांचा कैवारी. सकाळी मुंबईत जोराची सर आली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसापासून आडोसा शोधणारे लोक थांबले, मागून आलेल्या गाड्यांतून माणसे उतरतच राहिली आणि जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसे गेली. कामावर निघालेली, सणाची फुले घ्यायला निघालेली. पूल अपुरा आहे, ही तक्रार प्रवासी कित्येक वर्षे करीत होते. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती, फक्त तो बांधला गेला नव्हता. पुढे सैन्यदलाला पाचारण करण्यात आले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तेथे नवा पूल खुला झाला. म्हणजे मनात आणले तर पाच महिन्यांत पूल होतो. त्या स्थानकाचे नाव आता प्रभादेवी आहे. त्या सकाळी जिन्यावर एकमेकांना हात देणारे, उचलून घेणारे शोमरोनी पुष्कळ होते. उणीव शोमरोन्यांची नव्हती.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘फ्रातेल्ली तुत्ती’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्याचा एक सबंध अध्याय शोमरोन्याच्या दृष्टान्तावर आहे. परंतु आम्हाला त्यातील पुढची एक साधी तुलना अधिक भिडली. वृद्धाला हात धरून नदीपार नेणे ही प्रीतीची कृती आहे, तशीच राज्यकर्त्याने त्या नदीवर पूल बांधणे हीदेखील प्रीतीचीच कृती आहे, असा तिचा आशय. पोप बेनेडिक्ट यांनीही २००९ साली हाच विचार मांडला होता : संस्था आणि व्यवस्था यांच्या द्वारे शेजाऱ्यापर्यंत पोचणारी प्रीती ही समोरासमोरच्या प्रीतीहून उणी नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ साली न्यू यॉर्कच्या एका चर्चमध्ये याच दृष्टान्ताचा आधार घेऊन सांगितले होते, की जखमीची शुश्रूषा ही सुरुवात आहे, परंतु माणसे वारंवार लुटली जाऊ नयेत यासाठी यरीहोची वाटच बदलावी लागेल. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ज्याला सर्वहित म्हटले, ते पुस्तकात फार भारदस्त वाटते. फलाटावर त्याचा अर्थ असा, की पूल रुंद असावा आणि नळाला पाणी असावे.

यावर आमच्या एका सहकारी धर्मगुरूंनी आक्षेप घेतला. आक्षेप वजनदार आहे, म्हणून तो येथे देतो. ते म्हणाले, ‘‘नळाला अंतःकरण नसते. तुम्ही सगळी प्रीती भिंतीत आणि पाइपात घालून ठेवलीत, तर माणसाने माणसासाठी करायचे काय उरले? पाश्चात्य देशांतील स्थानके चकचकीत असतात, पण तेथे शेजारी बसलेला माणूस मेला तरी कोणाला कळत नाही. आपल्याकडे सोयी नाहीत, म्हणून तर माणसे एकमेकांना धरून आहेत.’’

यात तथ्य नाही असे नाही. गैरसोयीने माणसे जवळ येतात, हे आम्ही दुष्काळात टँकरपाशी पाहिले आहे. परंतु टँकरपाशी डोकी फुटतानाही पाहिली आहेत. ‘गैरसोयीमुळे माणुसकी टिकते’ हे वाक्य ज्याची गैरसोय होते त्याच्या तोंडी आम्ही अद्याप ऐकलेले नाही. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावर एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी गाडी आणि फलाट यांमधील फटीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. लोकांनी तिला बाहेर काढले, पैसा उभा केला, प्रार्थना केल्या. फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला, तो त्यानंतर. त्या मुलीला कोणी विचारले असते, की बाई, तुला लोकांची माया हवी की वीतभर उंच फलाट, तर तिने काय उत्तर दिले असते? आणि हा प्रश्न विचारण्याची लाज आपल्याला वाटायला नको का? मुंबईच्या लोहमार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी सुमारे अडीच हजार माणसे मेली. रूळ ओलांडताना, दारातून पडून, फटीत सापडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाराला लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मेले, ते त्या मोजणीतही नाहीत.

परंतु त्या सहकाऱ्यांना आमचे खरे उत्तर आकड्यांचे नाही. ते मावशींनी न प्यायलेल्या पाण्यापाशी आहे. माणसाच्या काही गरजा अशा आहेत, की त्या तोंडाने मागता येत नाहीत. भूक सांगता येते. तहान सांगता येते. भाड्याला पैसे कमी पडले तर तेही खाली मान घालून सांगता येते. परंतु साठ वर्षांच्या एका खेडवळ स्त्रीने आपल्या धर्मगुरूला, परक्या शहरातील भर गर्दीत, ‘मला जायचे आहे’ असे कसे सांगावे? ज्या माणसापुढे तिने पापनिवेदन केले, त्याच्यापुढे तिला ही साधी गोष्ट बोलता आली नाही. आमच्या मनात तिच्याविषयी कणव नव्हती असे नाही. आम्ही पाणी आणले होते. आणि तेच पाणी तिला संकट वाटले. आमची समोरासमोरची प्रीती तिच्या गरजेच्या जवळपासही पोचू शकली नाही, कारण ती गरज समोर येऊच शकत नव्हती. तेथे फक्त एक दार उपयोगी पडले असते. चित्र लावलेले, उघडे, स्वच्छ, कोणाला काही विचारावे न लागणारे. अशा दाराला अंतःकरण नसते, हे खरे. म्हणूनच त्याच्यापुढे लाजावे लागत नाही.

पुरुषांना हे सहसा सुचत नाही, कारण आपल्या देशात पुरुषाला प्रत्येक भिंत मोकळी आहे. मुंबईतील स्त्रियांनी ‘राइट टू पी’ या नावाची चळवळ उभारली, तेव्हा त्या नावावर अनेक प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. त्यांचे साधे म्हणणे असे, की जेथे पुरुषांना पैसे पडत नाहीत, तेथे स्त्रियांकडून का घेतले जातात? रेल्वेच्या इतिहासात एक पत्र प्रसिद्ध आहे. १९०९ साली बंगालमधील ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार केली. फणस खाऊन पोट बिघडले, स्थानकावर उतरून आडोशाला जावे लागले, इतक्यात गार्डने शिट्टी फुंकली, आणि एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत धावताना तो सर्वांदेखत पडला. या पत्रानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये आली, असे म्हणतात. पत्र वाचून शंभर वर्षे लोक हसत आहेत, आम्हीही सेमिनरीत पोट धरून हसलो होतो. आज वाटते, त्या बाबूने केवढे धैर्य केले! ज्याची वाच्यता करता येत नाही ते त्याने लिहून पाठवले आणि स्वतःचे हसे करून घेऊन पुढच्या कोट्यवधी माणसांची लाज राखली. पुढे १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासातील घाण आणि गर्दी यांवर एक पुस्तिका लिहिली, तीही याच जातीची.

सोय बांधून भागत नाही, ती रोज राखावी लागते. दीड महिन्यात तोट्या चोरीस जातात, भिंती पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगतात, आणि मग कोणी अधिकारी वैतागून कुलूप लावतो. त्या कुलपाची अर्धी किल्ली आपल्याच खिशात असते. आणि जे हात ती घाण रोज उपसतात, ते बहुधा कंत्राटी, तुटपुंज्या पगाराचे आणि अजूनही ठराविक जातींचे असतात. अंतिम भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हे पवित्र गुरुवारी आपण मोठ्या सोहळ्याने करतो. आधी धुवून आणलेले बारा जोडी पाय आम्ही पुन्हा धुतो. असो.

आता शेवटचे, आणि सांगायला सर्वांत जड.

मावशींना सोडून आम्ही आमच्या मिशनच्या आवारात परतलो. आवार रस्त्यालगत आहे. प्रार्थनामंदिराच्या मागे एक शौचालय आहे, सिमेंटचे, टाकी बसवलेले. तीन वर्षांपूर्वी आम्हीच ते बांधून घेतले, पाहुणे धर्मगुरू आणि सिस्टर यांच्यासाठी. त्याला कुलूप असते आणि किल्ली आमच्या मेजाच्या खणात असते. रविवारच्या मिस्साला दूरच्या वस्त्यांवरून बायका चालत येतात, लहान मुलींना घेऊन. बाजाराच्या दिवशी आमच्या फाटकासमोर भाजी मांडून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बायका बसतात. त्या कोठे जातात, हा प्रश्न आम्ही तीन वर्षांत कोणाला विचारला नव्हता. किल्ली कोणी मागितलीही नव्हती. याचा अर्थ आम्ही असा घेतला होता, की कोणाला गरज नाही.

धर्मग्राम परिषदेपुढे हा विषय ठेवला. दीड तास चर्चा झाली. बाहेरच्या बायका येतील, घाण करतील, पाण्याचा टँकर मागवावा लागेल, धुणार कोण, असे सगळे योग्य मुद्दे निघाले. मरियामातेच्या ग्रोटोसाठी जमलेल्या निधीतून आणखी एक टाकी घ्यावी, या आमच्या सूचनेवर दोन ज्येष्ठ सभासद नाराज झाले आणि त्यांची नाराजी आम्हाला समजते. त्यांनी तो निधी नवसाने दिला आहे. अखेर असे ठरले, की रविवारी आणि बाजाराच्या दिवशी कुलूप काढायचे, धुण्याची पाळी घरटी लावायची, आणि पहिली पाळी धर्मगुरूची. ग्रोटोचा प्रश्न पुढच्या सभेवर ढकलला आहे.

पहिल्या बाजारी कोणी आले नाही. दुसऱ्या बाजारी दुपारी एक भाजीवाली फाटकापर्यंत आली, आम्हाला ओट्यावर बसलेले पाहिले आणि परत फिरली. तेव्हापासून त्या दिवशी आम्ही आत, मागच्या खोलीत बसतो. मावशींची पुढची तारीख पुढल्या महिन्यात आहे. या खेपेला पुतण्याची सून रजा काढून त्यांच्याबरोबर स्थानकावर असणार आहे.